सत्ताविसावा फर्मा

सुमतीबाई मंगळवारी गेल्या. दहाला मी ग्रंथालय उघडलं. अकरापर्यंत त्या आल्या नाहीत, म्हणून रिक्षा करून परटवण्याला त्यांच्या घरी गेले. दार लोटलेलं होतं. त्या खुर्चीत होत्या. डॉक्टर आले, त्यांनी वेळ लिहिली. मी पोफळीला त्यांच्या भावाला फोन लावला आणि सांगितलं. ते म्हणाले, "बरं." मग विचारलं, "काही म्हणाली का?"

मी नाही म्हटलं.

तेराव्यानंतरच्या शनिवारी ग्रंथालयात शोकसभा झाली. वाचनकट्ट्याच्या नानांनी सांगितलं की सुमतीबाईंनी पुस्तकांवर आईसारखी माया केली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्या फार मृदुभाषी होत्या. प्राध्यापकांनी त्यांना 'शब्दांची मूक सेविका' असं नाव दिलं, आणि ते त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं की भाषणात तीनदा घेतलं. मी सतरंजीच्या कडेला बसून ऐकत होते. सुमतीबाई पुस्तकांना 'रद्दीचे उमेदवार' म्हणत. मृदुभाषी असत्या तर अर्ध्या रत्नागिरीला त्या माहीतही झाल्या नसत्या. आणि मूक म्हणाल, तर त्या एकाच माणसापुढे मूक होत्या. तो माणूस त्याआधीच पोफळीला परत गेला होता.

त्या सभेत सांगितलेली बाई मला कधी भेटली नाही. मला भेटली ती अशी होती.

एकतीस वर्षं त्या आमच्याकडे पुस्तकं बांधत होत्या. देवघेवीच्या काउंटरमागे, दोन कपाटांच्या आडोशाला त्यांचं टेबल. त्यावर दाभण, मेण लावलेला दोरा, पुठ्ठे आणि खळीचा डबा. कसर लागू नये म्हणून त्या खळीत मोरचूद घालत, त्यामुळे उजव्या अंगठ्याचं नख कायम निळसर असे. निवृत्तीचं वय झालं तेव्हा समितीने निरोपसमारंभ केला, शाल दिली, नारळ दिला. दुसऱ्या दिवशी साडेदहाला त्या नारळ घेऊन हजर. "हा घे, घरी ने. चटणीला होईल. कालचं बाकी सगळं उगाच होतं," म्हणाल्या आणि शिवायला बसल्या. त्यांना काढून टाकायचं धाडस समितीत कुणाकडे नव्हतं.

'उगाच' हा त्यांचा शब्द. प्रस्तावना उगाच. अर्पणपत्रिका उगाच. चौकातले वाढदिवसाचे फलक उगाच. लग्नात जेवण झाल्यावर पुन्हा थांबून फोटो काढणं उगाच. त्या चिडून बोलत नसत. चिडण्याइतकी किंमत त्यांनी कुणाला दिल्याचं मला आठवत नाही.

मी नवी होते तेव्हा एकदा विचारलं होतं, "बाई, एवढी पुस्तकं हाताखालून जातात, तुम्ही वाचत कशा नाही?"

"मी बांधते गो. कासाराने स्वतःच्या हातात बांगड्या भरल्यात का कधी?"

पुस्तक वाचत नसल्या तरी पुस्तक नेणाऱ्याला त्या बरोबर वाचत. पुस्तक परत आलं की मुखपृष्ठाकडे बघायच्या नाहीत. मिटलेलं पुस्तक आडवं धरून पानांच्या बाहेरच्या कडेवरून अंगठा फिरवायच्या. जिथवर वाचलेलं असतं तिथवर बोटांच्या घामाने कड मळते, पुढे पांढरी राहते. त्यांनी एकदा दाखवल्यावर मलाही ती रेघ दिसू लागली, आणि तेव्हापासून गावातल्या कित्येक विद्वानांकडे मला पूर्वीसारखं पाहता आलेलं नाही. दुसरे बाइंडर नवी शिवण घातली की कड कापून पुस्तक गोरं करतात. सुमतीबाई कधी कापत नसत. "पुरावा कशाला नष्ट करायचा?" म्हणत.

नाना तेव्हा नुकतेच बँकेतून निवृत्त होऊन वाचक झाले होते. एक जाडजूड चरित्र चार दिवसांत परत करत ते काउंटरवर म्हणाले, "अप्रतिम. खाली ठेववेना."

सुमतीबाई आतून उठून आल्या. पुस्तक हातात घेतलं, अंगठा फिरवला, मधेच उघडून हुंगलं.

"नाना, तिसाव्या पानापर्यंत शेव आहे. पुढे उपास घडलेला दिसतोय."

नाना हसले. दुसरं काय करणार? पण त्यानंतर ते पुस्तकं परत करायला नातीला पाठवू लागले.

सुमतीबाईंची एक सवय मला खटकायची. ग्रंथालयाच्या मागच्या दाराला कडीकोयंडा नाही, जुना लाकडी अडसर आहे. संध्याकाळी बंद करताना तो दोन खाचांत आडवा बसवायचा. एकतीस वर्षांत तो सुमतीबाईंनी एकदाही बसवला नाही. "नीला, तू घाल गो," असं म्हणत आणि बाहेरच्या पायरीवर जाऊन दाराकडे पाठ करून उभ्या राहत. मला वाटायचं, हलकं काम दुसऱ्यावर ढकलायची सवय. हे मत मी शेवटपर्यंत बदललं नाही. अडसर मीच घालत राहिले.

त्यांनी लग्न केलं नव्हतं. नातेवाईक म्हणजे एक धाकटा भाऊ, वासुदेव. तो तरुणपणीच घर सोडून पोफळीच्या वीजघरात लागला आणि निवृत्त झाल्यावरही तिकडेच घर बांधून राहिला. सुमतीबाईंकडे मोबाईल होता, तो बंद करून बटणांच्या डब्यात ठेवलेला असे. म्हणून वासुदेवराव महिन्यातून एकदा ग्रंथालयाच्या फोनवर फोन करत.

"अक्का आहे का?"

मी कपाटाकडे बघायची. सुमतीबाई मान न उचलता म्हणायच्या, "सांग, कामात आहे."

"बरी आहे ना?"

"बऱ्या आहेत," मी सांगायची. मग ते थोडं थांबून फोन ठेवत. अनेक वर्षं एवढंच बोलणं, तेही माझ्यामार्फत.

गेल्या वर्षी गणपती होऊन गेल्यावर ते स्वतः आले. उंच, वाकलेले, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक. सावर्ड्याला गाडी बंद पडली म्हणून उशीर झाला, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. मग कपाटांच्या मधल्या फटीत जाऊन उभे राहिले. सुमतीबाई दाभणाने भोकं पाडत होत्या. थांबल्या नाहीत.

"अक्का, हे तुझ्यासाठी आणलंय. वाच."

सुमतीबाईंनी कागद काढला. एक जाड कादंबरी होती. त्यांनी ती आडवी धरली, कडेवरून अंगठा फिरवला आणि पहिल्यांदा भावाकडे बघितलं.

"नव्वद पानं वाचलीस."

वासुदेवरावांचा चेहरा उतरला. "पुढे मला वाचवेना. पण आपल्यासारखंच आहे त्यात, असं सांगतात."

"सांगतात," सुमतीबाई म्हणाल्या. "स्वतः नव्वदाव्या पानावर बसलास आणि मला सहाशे पानं वाचायला सांगतोस."

"अक्का, मी तुझ्याकडे काय मागतोय?"

"मला काय माहीत? मी पुस्तकं बांधते."

ते बाहेर आले. मी त्यांच्याबरोबर पायरीपर्यंत गेले. पाणी देण्याचं निमित्त केलं. तेव्हा त्यांनी मला सांगितलं. वडील कडक होते. चूक झाली की वासुदेवला मागच्या सरपणाच्या खोलीत कोंडायचे. वडील फक्त सांगायचे. दार बाहेरून लावायचं काम अक्काचं. तो सात वर्षांचा, ती अकरा. कधी तासभर, कधी संध्याकाळ होईपर्यंत.

"मला तिची माफी नको आहे, मॅडम," ते म्हणाले. "तीही पोरच होती. तिने नाही लावलं तर तिला मार पडायचा. मला सगळं कळतं. पण ती म्हणते, असं काही झालंच नाही. वासूला नाटकं करायची सवय, म्हणते. तेवढं एकदा म्हणाली, की हो, झालं होतं, तर माझं काही मागणं नाही. मला कधी कधी वाटतं, खरंच मीच बनवलं का हे?"

मी आत आले तेव्हा सुमतीबाई पुस्तकावर ग्रंथालयाचा शिक्का मारत होत्या. घरी न्यायचं नाही म्हणून त्यांनी ते देणगी म्हणून दाखल करून टाकलं होतं.

"रडला असेल पायरीवर," म्हणाल्या. "लहानपणापासूनच तसा. अंधाराला भितो म्हणायचा, आणि जन्मभर नोकरी केली डोंगराच्या पोटात."

मला त्यांची त्या क्षणी किळस आली. ते मी लिहून ठेवते, कारण शोकसभेत हे कुणी बोललं नाही आणि मीही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या डब्याच्या वेळी ती कादंबरी त्यांच्या टेबलावर उघडी होती.

"शिवण बघतेय," त्या म्हणाल्या.

ती शिवण त्यांनी साडेचार महिने बघितली. कादंबरीचं नाव सांगत नाही, कारण दोष तिचा नाही. दोन भावंडं वडिलांचं घर विकायला एकत्र येतात आणि सहाशे पानं ते विकत नाहीत. त्या घरात लहानपणी काय झालं ते दोघांना माहीत असतं. भाऊ वाट बघतो, बहीण बोलत नाही. बहीण चहा करते. पुस्तक फार संथ आहे, आणि सुमतीबाई मला रोज डबा खाताना त्याची बातमी देत.

"आज चहा गाळला. उद्या बहुतेक ओतेल."

"चाळीस पानं झाली, बाई खिडकीतून बघतेय. बाहेर काय आहे ते सांगेल तर शपथ."

"आमच्या शेजारची असती ना, तर एवढ्या वेळात फणस फोडून, गरे काढून, आठळ्या धुऊन वाळत घालून मोकळी झाली असती. हिचा अजून कप विसळायचाय."

एकदा म्हणाल्या, "माणसं एवढी गप्प बसतात कशाला? भांडावं आणि सुटावं."

मी म्हटलं, "तुम्ही भांडा की वासुदेवरावांशी."

"त्याच्याशी भांडायला विषय हवा ना काही," त्या म्हणाल्या आणि ताकाचा पेला तोंडाला लावला.

मग एके दिवशी बातमी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मीच विचारलं, "काय बाई, झाला का चहा?"

"शिवण सुटलीय," त्या म्हणाल्या. "बांधायला घेते."

त्यांनी ते पुस्तक पूर्ण उसवलं. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या घड्यांचं असतं. एका घडीला फर्मा म्हणतात. अडतीस फर्मे त्यांच्या टेबलावर ओळीने मांडलेले मी बघितले. आठवड्याभराने कादंबरी हिरव्या कापडी पाठीची होऊन कपाटात आली.

त्याच सुमाराला वर्तमानपत्रात त्या कादंबरीवर मोठा लेख आला आणि वाचनकट्ट्याने ती चर्चेला घेतली. वाचनकट्टा म्हणजे सहा माणसं. सहाही जणांच्या घरी गाड्या आहेत, दोघांच्या बागा आहेत. पुस्तक विकत घ्यायची कल्पना एकालाही सुचली नाही. ग्रंथालयाची एकच प्रत सहा घरी फिरून आली आणि शनिवारी पाच वाजता चर्चा झाली. मी खुर्च्या मांडल्या, चहा सांगितला. सुमतीबाई कपाटामागे एका शब्दकोशाला भोकं पाडत होत्या. त्यांच्या दाभणाची ठकठक चालू होती.

नाना म्हणाले, लय संथ आहे पण आशय खोल आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजकाल प्रत्येक कुटुंबात असं काही ना काही असतंच, अर्थात आमच्याकडे नाही. आमराईवाले म्हणाले, शेवट त्यांना विशेष आवडला. कोणता, ते कुणी विचारलं नाही. मग प्राध्यापक बोलायला उठले. त्यांनी पुस्तक मधेच उघडलं. आधी काढून ठेवलेली खूण वगैरे नव्हती, सहज उघडलं, ते मी बघितलं.

"हे पाहा," ते म्हणाले. "चारशे सोळावं पान. शेवटचं वाक्य: 'तिनं हात पुढे केला आणि'. वाक्य इथे थांबतं. समोरच्या पानावर काय येतं? 'चहा पुन्हा गार झाला होता.' मधलं सगळं लेखिकेनं गाळलंय. हात पुढे केला आणि काय केलं? ती सांगत नाही. ही गाळलेली जागा म्हणजेच आघात. हे धाडस मराठीत कुणी केलेलं नाही."

दाभणाची ठकठक थांबली.

"वा," नाना म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटून मान हलवली. मीही हलवली. मी ते पुस्तक दोनशे पानं वाचून सोडून दिलेलं होतं, आणि प्राध्यापक जे सांगत होते ते मला खरं वाटलं. हे माझं शिक्षण.

कपाटामागे ठकठक पुन्हा सुरू झाली.

सगळे गेल्यावर पुस्तक जागेवर ठेवताना मी ते पान उघडलं. डावीकडे चारशे सोळा. उजवीकडे चारशे तेहेतीस.

मी पुस्तक घेऊन कपाटामागे गेले. "बाई, यात एक फर्मा राहिलाय. सत्ताविसावा."

"राहिला असेल."

"तुमच्याकडून?"

"माणसाकडून राहतं."

एकतीस वर्षांत त्यांच्याकडून एक पान उलटं लागलेलं नव्हतं. एकदा छापखान्याने चुकवलेले फर्मे त्यांनी शिवताना ओळखून परत पाठवले होते. मी तशीच उभी राहिले. त्यांनी माझ्या हातातून पुस्तक घेतलं, कडेवरून अंगठा फिरवला. वासुदेवरावांच्या नव्वद आणि माझ्या दोनशे पानांनंतर चारशे सोळापर्यंत एकाच माणसाच्या बोटांची फिकट निळसर खूण होती. पुढे पांढरं.

"सहा जणांनी मिळून तीस पानं वाढवली नाहीत," त्या म्हणाल्या. "सोळा पानं गेलेली ज्याला कळत नाहीत, त्याला पदवी दिली कुणी? आणि तू कसली मान हलवत होतीस?"

"फर्मा कुठाय?" मी विचारलं.

"ज्याचा होता त्याला गेला."

मला वाटलं, रद्दीला. त्यांच्या बोलण्यात सगळंच शेवटी रद्दीचं असे. दुसरी प्रत मागवावी असं एकदा मनात आलं, पण ती सहाशे पानं पुन्हा समोर ठेवून घ्यायचा मलाही कंटाळा होता. तक्रार कुणाची आली नाही.

त्यानंतरचे दिवस मी पुन्हा पुन्हा आठवते. वासुदेवरावांचा फोन यायचा बंद झाला. आणि सुमतीबाई रोज सकाळी आल्या की छत्री खुंटीला लावता लावता विचारू लागल्या, "फोन आला होता का?"

"कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे? कुणाचाही."

"नाही."

"बरं," म्हणायच्या. मला वाटलं, फोनचा त्रास संपला म्हणून खात्री करून घेतायत. एकदा मी थट्टेने म्हटलंही, "सुटलात, बाई." त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ लावण्याइतकी अक्कल मला त्या वेळी असती, तर मी तिथेच पोफळीचा नंबर फिरवला असता. नंबर माझ्याकडे होता. मीच वहीत लिहून ठेवलेला होता.

वासुदेवरावांनी क्रियाकर्म नीट केलं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, परत निघण्याआधी, ते ग्रंथालयात आले. पिशवीतून एक खाकी पाकीट काढून माझ्यापुढे ठेवलं.

"हे परत करायचंय. तुमचा शिक्का आहे यावर."

"काय आहे?"

"अक्काने पाठवलेलं. दोन महिन्यांपूर्वी. चिठ्ठी नाही, काही नाही, नुसती पुस्तकातली पानं. मी आणलेल्या त्याच पुस्तकातली." ते खाली बघत बोलत होते. "तू पुढे वाचलं नाहीस ना, घे, वाच. असा टोमणा. मला राग आला. म्हटलं, मी काय मागितलं आणि ही काय देते. वाचली नाहीत मी. फोनही केला नाही परत. सरकारी नोकरीत होतो, मॅडम. दुसऱ्याची वस्तू घरात ठेवायची सवय नाही."

मी पाकिटातून फर्मा काढला. पान चारशे सतरा. वरच्या ओळीत चारशे सोळातलं अर्धं वाक्य पूर्ण होत होतं: 'कडी सरकवली.'

समासात पेन्सिलने, पुठ्ठ्यावर माप लिहावं तशा बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: *कडी नव्हे. अडसर. दोन्ही हात लागत.*

खाली चार ओळींवर लेखिकेनं लिहिलं होतं, 'आतून कसलाच आवाज आला नाही.' त्यावर पेन्सिलीची रेघ मारून समासात: *येत असे.*

त्यापुढची पंधरा पानं बहिणीच्या मनात काय काय येतं त्याची होती. तिथे खूण नव्हती. शेवटच्या पानाच्या तळाशी मात्र होतं: *उगाच लांबवलंय.*

मी पहिलं पान त्यांच्याकडे फिरवलं आणि समासावर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. बराच वेळ वाचत राहिले. आठ शब्दांना जेवढा वेळ लागतो त्याहून फार जास्त वेळ.

"ऐनाच्या लाकडाचा होता," ते म्हणाले. "जड होता. मोठ्या माणसालाही एका हाताने उचलायचा नाही."

त्यांचं बोट खालच्या ओळीवर गेलं.

"येत असे, म्हणते."

"हो."

"म्हणजे ऐकू यायचं तिला." मग म्हणाले, "दोन महिने हे टीव्हीच्या खाली होतं."

सुमतीबाईंबद्दल मला तेव्हा राग आला, तो अजून गेलेला नाही. पोस्टकार्डावर एक ओळ लिहिली असती तरी भागलं असतं. एक ओळ लिहायला लागू नये म्हणून कुणी सहाशे पानांचं पुस्तक उसवत नाही. नव्वदाव्या पानाच्या पुढे ज्याला वाचवलं नाही त्यालाच चारशे सतरावं पान पाठवायचं, आणि वर रोज फोनची वाट बघायची. दुसऱ्याच्या वाचनाची एवढी पारख असलेल्या बाईला एवढं कळू नये.

वासुदेवरावांनी पानं जुळवून पाकिटात घातली आणि पाकीट काउंटरवर ठेवलं. हात मात्र त्यावरच होता.

"ही जमा करावी लागतील ना?"

"आमच्या नोंदीत पुस्तक पूर्ण आहे," मी म्हटलं. "तक्रार कुणाची नाही."

त्यांनी पाकीट पिशवीत ठेवलं आणि चिपळूणची गाडी धरायला गेले.

सुमतीबाईंना मी शेवटचं जिवंत पाहिलं ते सोमवारी संध्याकाळी. छत्री काढताना त्यांनी विचारलं, "दुपारी मी बाहेर गेले होते तेव्हा फोन आला नाही ना?" मी नाही म्हटलं. "उगाच आपलं विचारलं," त्या म्हणाल्या. "तू घाल गो," म्हणाल्या आणि पायरीवर जाऊन दाराकडे पाठ करून उभ्या राहिल्या. मी दोन्ही हातांनी अडसर उचलून खाचांत बसवला. त्याचा आवाज होतो. तो आवाज झाल्यावरच त्या पायरी उतरल्या.

त्यांचं टेबल तिथेच आहे. खळीचा डबा मी धुऊन ठेवला. दाराला कडी बसवायची सूचना मी समितीला दिली आहे. कादंबरी कपाटात आहे, हिरव्या कापडी पाठीची. त्यात चारशे सोळानंतर चारशे तेहेतिसावं पान येतं. मधली सोळा पानं पोफळीला आहेत.